बिलात नव्या किंगपिन, गाडीत जुन्याच

बिलावर तीन कामं लिहिली होती: दोन्ही बाजूंच्या किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) आणि बुश (त्या खिळीभोवतीच्या धातूच्या नळ्या) नवीन, स्टीअरिंग रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) उघडून दुरुस्त, पुढच्या चाकांचं अलाइनमेंट. एकूण १,१४० पौंड. दहा दिवसांनी कळलं की किंगपिनना कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता, आणि रॅकला जे काही केलं होतं त्याने गाडी आधीपेक्षा जास्त धोकादायक झाली होती. इंग्लंडात येऊन हौसेने जुनी गाडी घेतलेली आपली बरीच माणसं आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण ही फसवणूक पकडायला जॅक, स्टँड, टॉर्च आणि एक जोडीदार एवढंच लागतं.

गाडी एमजीबी, १९७२ची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. स्टीअरिंग साधं रॅक-पिनियनचं, पॉवर वगैरे काही नाही. ते नीट असेल तर रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा हाताला कळतो.

माझ्या गाडीत ते नीट नव्हतं. स्टीअरिंगचं चाक इंचभर फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा. पन्नास मैलांच्या वेगाला सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं सावरत राहावं लागायचं, आणि खड्ड्यातून गेलं की उजव्या बाजूला खाली ‘टक’ असा आवाज यायचा.

घरापासून वीस मिनिटांवर जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज आहे. तिथल्या माणसाने दार उघडून स्टीअरिंग दोनदा हलवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, ‘किंगपिन गेल्या, रॅक पण गेला.’ गाडी जॅकवर घेतली नाही, खाली वाकून बघितलं नाही. पुढे म्हणाला, ‘तुमच्या गाडीला एमओटी (गाडीची दरवर्षीची सुरक्षा-चाचणी) लागत नाही, म्हणजे दुसरं कोणी तपासणार नाही. आम्हीच तेवढं बघतो.’ हे वाक्य मला तेव्हा काळजीचं वाटलं. आज त्याचा अर्थ वेगळा लागतो. मे २०१८पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना इथे वार्षिक एमओटी चाचणीतून सूट आहे. त्यामुळे अशा गाडीखाली वर्षानुवर्षं तिसऱ्या माणसाची नजर जात नाही, आणि हे अशा गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. सूट चाचणीपुरतीच आहे, जबाबदारीतून नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट मालकालाच होतात.

अर्धे पैसे आगाऊ मागितले, तेही बँक ट्रान्सफरने, ‘कार्डाने दिलेत तर वर टक्केवारी पडेल’ म्हणून. गाडी घ्यायला गेलो तेव्हा काढलेले भाग विचारले. उत्तर आलं, ‘ते एक्स्चेंजमध्ये गेले.’ या धंद्यात जुना भाग परत देऊन तयार केलेला घेण्याची पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे मी गप्प बसलो.

गाडी बाहेर काढली तेव्हा स्टीअरिंग घट्ट लागत होतं. ढिलं होतं ते घट्ट झालं म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो. दोन दिवसांनी बायकोला घेऊन बाहेर पडलो. पहिल्याच राउंडअबाउटला वळण घेतलं आणि बाहेर पडताना सवयीप्रमाणे हात सैल सोडले, की चाक आपोआप सरळ येईल. ते आलं नाही. वळलेलं तसंच अडकून राहिलं आणि गाडी पलीकडच्या कठड्याकडे निघाली. मी दोन्ही हातांनी खेचून सरळ केली. बायको एवढंच म्हणाली, ‘बाजूला घे.’ पुढचा अर्धा तास आम्ही दोघं फुटपाथवर बसून होतो.

आमच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलेलं. त्यांनी कुठलंही खास उपकरण न वापरता, नुसत्या क्रमाने तपासणी करून दाखवली. तो क्रम इथे देतो, कारण सगळी मेख त्यातच आहे.

आधी चाकं जमिनीवर, इंजिन बंद. बायको आत बसून स्टीअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवत होती आणि ते बॉनेट उघडून कॉलमच्या (स्टीअरिंगच्या दांड्याच्या) खालच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटवर (दोन दांडे कोनात जोडणाऱ्या सांध्यावर) हात ठेवून उभे होते. मग माझा हात धरून तिथे ठेवला. वरचा दांडा फिरत होता, खालचा किंचित उशिरा. त्या इंचभर ढिलाईतला अर्धा वाटा इथे होता, आणि या जॉइंटचा उल्लेख ना गॅरेजवाल्याच्या बोलण्यात होता ना बिलात. असाच हात टायरॉडच्या (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटवर ठेवायचा, मग रॅकच्या टोकाच्या रबरी घडीवरून आतल्या जॉइंटवर. कुठे हालचाल एका बाजूला आहे आणि दुसरीकडे पोचत नाही, ते बोटांनाच कळतं.

मग गाडी जॅकवर घेऊन नीट स्टँडवर ठेवली. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर उजवं चाक स्पष्ट खेळत होतं. हा खेळ बेअरिंगचा की किंगपिनचा? त्यांनी बायकोला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की डिस्क आणि कॅलिपर एकमेकांत आवळले जातात आणि बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. तरीही चाक हललं तर दोष किंगपिनमध्ये किंवा तिच्या खालच्या सांध्यात. आमचं चाक तसंच हललं. ‘नवीन’ किंगपिनचं चाक. (तारांच्या चाकांच्या हबवरचे दाते झिजले तरी असाच टक आवाज येतो, म्हणून चाक काढून तेही पाहिलं. दाते चांगले होते.)

चाक काढलेलं होतंच, त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. किंगपिनच्या खालच्या सांध्यातून एक आडवा बोल्ट जातो. त्याच्या खाचांच्या नटमधून स्प्लिट पिन (दोन पाय वाकवून अडकवायची तारेची पिन) घातलेली असते. ही पिन काढल्याशिवाय नट निघत नाही, आणि नट काढल्याशिवाय किंगपिन निघत नाही. ती पिन गंजून तपकिरी झाली होती, तिचे वाकवलेले पाय नटाला चिकटून एकजीव झाले होते आणि त्यांच्या खाचेत जुना वाळलेला चिखल होता. त्या सगळ्यावरून ताज्या काळ्या रंगाचा हात फिरवलेला. ग्रीस निपलवरही (ज्यातून सांध्यात ग्रीस भरतात त्या छोट्या नळीवरही) रंग मारला होता आणि निपलचं तोंड त्याने बुजून गेलं होतं. नवीन किंगपिन बसवणारा माणूस सगळ्यात शेवटी ग्रीस मारतो. इथे ग्रीस गन लागणंच शक्य नव्हतं. मी प्रत्येक गोष्टीचे जवळून फोटो घेतले.

आणि घट्टपणा? एमजीबीच्या रॅकवर एक दट्ट्या स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. त्याच्या झाकणाखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, असतात. शिम काढल्या की दट्ट्या रॅकला जास्त आवळतो. रॅक सर्वांत जास्त झिजतो तो मध्यावर, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मध्यावरचा खेळ जावा म्हणून आवळला, की वळवल्यावर न झिजलेल्या भागावर तो जाम होतो. नाशिकला वडिलांच्या चेतकच्या हँडलचा कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) खराब झाला होता तेव्हा एका मेकॅनिकने असाच नट आवळून दिला होता, आणि हँडल मध्यावर अडकायला लागलं होतं. वडिलांनी त्याच दिवशी स्कूटर परत नेली. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण गाडीच्या स्टीअरिंगशी त्याचा संबंध जोडायला शेजाऱ्यांनी शिम दाखवाव्या लागल्या.

गॅरेजला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘जुन्या गाड्या अशाच असतात.’ म्हणून मी गाडी टोइंगच्या ट्रकवर घालून कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) एमओटी केंद्रात नेली. सूट असलेल्या गाडीची चाचणीही स्वेच्छेने करून घेता येते. मोटारीची कमाल फी ५४.८५ पौंड. कौन्सिलची केंद्रं सहसा लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे तुमच्या गाडीत दोष निघण्यात त्यांचा कसलाच फायदा नसतो. उजव्या किंगपिनचा खेळ आणि कॉलमच्या जॉइंटचा खेळ, दोन्ही लेखी देऊन त्यांनी गाडी नापास केली. दुरुस्तीला टाकण्याआधी हे ५५ पौंड खर्च केले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खरं काम दुसऱ्या ठिकाणी ६८० पौंडांत झालं: दोन्ही किंगपिन, बुश बसवल्यावर ते रीमरने (भोक आतून घासणाऱ्या हत्याराने) मापात आणणं (हे न करता नुसते ठोकून बसवलेले बुश पुन्हा जाम होतात), नवा युनिव्हर्सल जॉइंट, रॅकला योग्य मापाच्या शिम. रॅक मुळात फारसा झिजलेलाच नव्हता. काम सुरू असताना मी तिथे उभा होतो. ती गंजलेली स्प्लिट पिन काढताना तुटली. तिचे दोन तुकडे, जुन्या किंगपिन आणि बुश मी पिशवीत भरून घरी आणले. आता दर ३,००० मैलांनी, चाकं उचलून, किंगपिनच्या सगळ्या निपलना ग्रीस मीच मारणार आहे.

पैशांचं सांगायचं तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा योग्य काळजी आणि कौशल्याने द्यावी लागते. नाही दिली तर काम पुन्हा करून मागता येतं किंवा रक्कम कमी करून घेता येते. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १०० ते ३०,००० पौंडांमधल्या कामासाठी कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार ठरली असती. ट्रान्सफर केल्यामुळे तो मार्ग बंद झाला. फोटो आणि एमओटीचा कागद जोडून मी १४ दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवलं. गॅरेजने ‘सद्भावना म्हणून’ ३०० पौंड देऊ केले. न केलेल्या कामाचे पैसे सद्भावनेने परत येत नसतात, म्हणून मी नाही म्हटलं आणि लहान दाव्यांच्या कोर्टात अर्ज केला. तिथे १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. पिशवी, बिल आणि फोटो एका खोक्यात तयार ठेवले आहेत. तारीख अजून लागायची आहे.