युजर रोल: इनहेरिटन्स घ्यावं की रोलचं वेगळं टेबल?

शाळेचं पोर्टल करायचं म्हटलं की शिक्षक, पालक, विद्यार्थी आणि कार्यालयातले कर्मचारी, सगळ्यांना लॉगिन लागतं आणि प्रत्येकाची माहिती निराळी असते. अशा वेळी वर एक युजर क्लास आणि खाली त्याचे गुण वारशाने घेणारे चार उपक्लास, म्हणजे इनहेरिटन्स, हे चित्र आपोआप डोळ्यांसमोर येतं. हीच निवड मला करावी लागली तेव्हा तीन वाटा समोर होत्या: सगळं एकाच टेबलात, प्रत्येक उपक्लासला स्वतःचं टेबल, किंवा इनहेरिटन्स बाजूला ठेवून रोलचं वेगळं टेबल.

एका टेबलाची वाट रेल्सवाल्यांच्या (रेल्स म्हणजे रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) अंगवळणी पडलेली आहे. टाइप कॉलममध्ये क्लासचं नाव बसतं, जॉइन (दोन टेबलांची जोडणी) लागत नाही, क्वेरी वाचायला सोपी राहते. रिकाम्या कॉलमांनी जागा वाया जाते ही तक्रार नेहमी ऐकू येते, पण पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नल (रिकामी किंमत) ठेवायला जवळपास काहीच जागा लागत नाही, त्यामुळे त्या मुद्द्याला मी फारसं वजन देत नाही. खरी अडचण नियमांची आहे. शिक्षकाला सेवा क्रमांक असलाच पाहिजे हे डेटाबेसला सांगायचं, तर त्या कॉलमवर सरळ नॉट नल (रिकामं चालणार नाही अशी अट) लावता येत नाही, कारण त्याच टेबलात पालकही बसलेले असतात. मग ‘टाइप शिक्षक असेल तर’ अशा अटीचं चेक कन्स्ट्रेंट लिहावं लागतं. दोन-तीन असतील तोवर ठीक. वाढत गेले की टेबलाची व्याख्या वाचता येईनाशी होते.

प्रत्येक उपक्लासला वेगळं टेबल, ही पायथनच्या जँगो फ्रेमवर्कची मल्टी-टेबल वाट. कागदावर सगळ्यांत देखणी हीच. शिक्षकाचे कॉलम शिक्षकाच्या टेबलात, नॉट नल जिथल्या तिथे. जॉइनमुळे वेग मंदावतो म्हणतात. शाळेच्या आकाराच्या डेटावर मला तरी तो फरक कधी जाणवला नाही. खटकतं ते असं, की लॉगिन झाल्यावर रिक्वेस्टमधून हाती येतो तो साधा युजर. तो शिक्षक आहे की पालक हे प्रत्येक ठिकाणी चाचपून बघावं लागतं, आणि हळूहळू सगळ्या व्ह्यूंमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) त्याच तपासण्या पसरतात.

तरी एवढ्यावरून मी ही वाट सोडली नसती. निर्णय झाला तो एका वेगळ्याच गोष्टीवर.

आमच्याकडे देखभालीला आलेल्या एका शाळेच्या पोर्टलमध्ये हीच रचना होती, आणि लॉगिन मोबाइल नंबरवर. त्या शाळेतल्या काही बाईंची मुलं त्याच शाळेत शिकत होती. त्यांचा नंबर शिक्षक म्हणून आधीच नोंदलेला, त्यामुळे पालक म्हणून नवीन खातं उघडताना पोर्टल तो घेईना. कार्यालयाने तोडगा काढला: पालकाच्या खात्याला नवऱ्याचा नंबर द्या. परिणाम असा, की ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, फीची सूचना नवऱ्याच्या फोनवर, आणि मुलाच्या वर्गातली सूचना बघायची तर बाईंना शाळेतून घरी फोन. माणूस एक, खाती दोन, आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या हातात.

हे दुरुस्त करायला गेलो तेव्हा इनहेरिटन्सचा हट्टीपणा कळला. एकाच युजरच्या ओळीला शिक्षक आणि पालक अशा दोन्ही ओळी जोडायला डेटाबेसची हरकत नसते. नाखूश असतो तो ओआरएम, म्हणजे कोडमधले क्लास आणि टेबलं यांची सांगड घालणारा जँगोचा थर. आधीच्या युजरवर पालक चढवायला नेहमीच्या पद्धतीने सेव्ह केलं, तर मूळ टेबलातलं नाव-नंबर कोऱ्या किमतींनी पुसलं जाऊ शकतं. ते टाळायचं तर सेव्ह-बेस रॉ पद्धतीने (save_base ला raw=True देऊन, म्हणजे मूळ ओळीला हात न लावता) चालवावं लागतं. उलट दिशेला आणखी धोका आहे. बाई नोकरी सोडून गेल्या म्हणून शिक्षकाची ओळ डिलीट केली, की मूळ युजरही जातो आणि त्याच्यासोबत पालकाची ओळही. एकेक ऑब्जेक्ट काढताना कीप-पॅरेंट्स (मूळ ओळ राहू द्या असा पर्याय) देता येतं, पण अनेक ओळी एकदम काढणाऱ्या क्वेरीसेटच्या डिलीटला ती सोय नाही. मूल अजून शाळेत आहे आणि आईचं खातं गायब, हे मला चालण्यासारखं वाटलं नाही.

माणूस शिक्षक ‘असतो’ असं इनहेरिटन्स धरून चालतं. शाळेत तो काही वर्षं शिक्षकाचं काम करतो, त्याच वेळी पालकही असतो, आणि पालक-शिक्षक संघाचा पदाधिकारी झाला की तिसरी भूमिका येते. फेरायोलो आणि कुन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या रोल-आधारित प्रवेशाच्या मांडणीतही एका युजरला अनेक रोल देता येतात, आणि परवानग्या रोलला चिकटतात.

म्हणून माझा कल तिसऱ्या वाटेकडे. युजरच्या टेबलात फक्त ओळख आणि लॉगिन. रोलच्या टेबलात युजर, रोल, तुकडी, कधीपासून, कधीपर्यंत. शिक्षकाची आणि पालकाची खास माहिती वन-टू-वन (एका युजरला एकच) प्रोफाइलमध्ये. बाई गेल्या की ‘कधीपर्यंत’मध्ये तारीख पडते, कुठलीच ओळ पुसावी लागत नाही. मागच्या वर्षी सातवी ‘ब’चे वर्गशिक्षक कोण होते, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

याचीही किंमत आहे. शिक्षकाचा रोल दिला पण प्रोफाइल केलंच नाही, अशी अर्धवट नोंद डेटाबेस स्वतःहून अडवत नाही. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) करण्याची शिस्त कोडला पाळावी लागते. परवानगी तपासताना एक जॉइन वाढतो. मला हे दोन्ही परवडलं.

पोस्टग्रेसचं स्वतःचं टेबल इनहेरिटन्स मात्र यासाठी घेऊ नका. मूळ टेबलावरची युनिक अट खालच्या टेबलांपर्यंत पोचत नाही, आणि मूळ टेबलाकडे जाणाऱ्या फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमला) खालच्या ओळी दिसत नाहीत. लॉगिनच्या टेबलाला या दोन्हींची गरज असते.

तुमच्याकडे भूमिका खरोखरच एकमेकांत मिसळत नसतील, समजा फक्त ग्राहक आणि आतला कर्मचारी, तर एका टेबलाची वाट पुरेशी आहे. तिथे मी रोलचं टेबल उभं करायचा आग्रह धरणार नाही. मल्टी-टेबलची शिफारस मात्र युजरच्या बाबतीत माझ्याकडून होणार नाही. आणि वाट कुठलीही धरा, जँगोमध्ये पहिलं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये टेबलं तयार करणारी पायरी) चालवण्याआधी स्वतःचं युजर मॉडेल लिहून ठेवा, त्यात एकही जादा फील्ड नसलं तरी. 1.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2013 पासून ही सोय आहे. चालू प्रकल्पात ते मागाहून बदलायचं झालं, तर युजरकडे जाणाऱ्या फॉरेन की हाताने दुरुस्त करत बसावं लागतं.