सेलेन ते मोरा: वासालोपेतच्या सेवेविषयी एका फिरत्या स्पर्धकाचे मत

जानेवारीअखेर इटलीतील मोएना, फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकातील बेद्रिखोव्ह, मार्चच्या पहिल्या रविवारी स्वीडनमधील सेलेन आणि त्यानंतर लवकरच नॉर्वेतील रेना, असा लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्री स्की शर्यतींचा माझा हिवाळ्यातला क्रम गेली काही वर्षे ठरून गेला आहे. माहेर नाशिकला आणि नोकरी म्युनिकमध्ये असलेल्या माणसाला हे तीन महिने दोन मीटर लांबीच्या स्कीच्या पिशवीसह विमानतळांवर, रेल्वे फलाटांवर आणि अनोळखी गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत काढावे लागतात. व्यावसायिक संघांबरोबर वॅक्सचे, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचे, तंत्रज्ञ, गाड्या आणि वाटेत बाटली हातात देणारी माणसे असतात, परंतु स्वखर्चाने वयोगटात उतरणाऱ्या माझ्यासारख्या स्पर्धकाला जे काही मिळते ते आयोजकांकडूनच मिळते. म्हणून कोणती शर्यत पुन्हा करायची हे मी मार्गावरून जितके ठरवते तितकेच सेवेवरून ठरवते. सेलेनहून मोरापर्यंत ९० किलोमीटरांची वासालोपेत ही शर्यत मी तीनदा पूर्ण केली आहे आणि येथे तिच्याकडे, खेळ बाजूला ठेवून, एक सेवा म्हणून पाहणार आहे.

प्रवासापासून सुरुवात करते. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाखालच्या स्थानकातून मोराला रेल्वेने थेट जाता येते, ही सोय अशा सामानाच्या माणसाला फार मोठी वाटते, कारण दोन जोड्या स्की, काठ्या आणि वॅक्सची पेटी घेऊन शहरात गाडी बदलणे म्हणजे अर्धी शर्यत आधीच संपवण्यासारखे आहे. वॅक्स वितळवण्यासाठी लागणारा गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, त्यामुळे तो मोरात घ्यावा लागतो किंवा स्की तयार करून देणाऱ्या दुकानावर अवलंबून राहावे लागते. या दुसऱ्या मार्गाचा मला आलेला अनुभव पुढे सांगेन. मुक्कामासाठी हॉटेलांचे दर त्या आठवड्यात आवाक्याबाहेर जातात. त्याऐवजी शाळांच्या वर्गांतून जमिनीवर झोपण्याची सोय होते, जिला तिकडे ‘कठीण जमिनीवरचा मुक्काम’ असेच म्हणतात. गादी आणि झोपण्याची पिशवी आपली आपण न्यायची. पहिल्या वर्षी मला याचा संकोच वाटला होता, पण वर्गाच्या फळ्याखाली रांगेने लावलेल्या स्की, कोपऱ्यात शांतपणे पट्ट्या तपासणारी माणसे आणि रात्री नऊला विझणारे दिवे पाहिल्यावर हॉटेलचा विचार मी कायमचा सोडला. दुसऱ्या दिवशी सर्वांनाच अंधारात उठायचे असल्याने कोणी कोणाची झोप मोडत नाही.

पहाटेच्या बस मोराहून सेलेनजवळच्या बेरियाबी येथील मैदानाकडे निघतात आणि सकाळी आठ वाजता शर्यत सुरू होते. या एका रविवारी १५,८०० स्पर्धकांना जागा असते. इतक्या माणसांना थंडीत उघड्यावर उभे करून, त्यांच्या अंगावरचे गरम कपडे शेवटच्या क्षणी गोळा करून ९० किलोमीटर पलीकडे पोहोचवणे हे काम किती अवघड असेल याची कल्पना ज्याने एखादे लग्नकार्य उभे केले आहे त्याला येईल. क्रमांक लावलेली पिशवी सुटण्याच्या जागेजवळच्या ट्रकमध्ये द्यायची आणि मोरात ताब्यात घ्यायची, इतकी ती साधी पद्धत आहे, आणि तिन्ही वर्षी माझी पिशवी मला दोन मिनिटांच्या आत मिळाली.

नवख्यांनी एक गोष्ट मात्र आधीच जाणून असावी. आधीच्या शर्यतींतील वेळेनुसार स्पर्धकांचे गट पाडले जातात, आणि ज्याच्या नावावर अशी वेळ नाही तो शेवटच्या गटात जातो. सुरुवातीच्या सपाट मैदानानंतर लगेच सुमारे पावणेदोनशे मीटर उंचीचा चढ लागतो, आणि तेथे रुंद मैदानातला जमाव अरुंद होत जातो, त्यामुळे मागच्या गटांना पहिल्या तीन किलोमीटरांत तासभर लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. चढावर इतरांच्या स्कीवर आपला पाय पडणार नाही आणि आपली काठी कोणाच्या पायाखाली मोडणार नाही याची काळजी घेत उभे राहावे लागते. आयोजकांनी मान्य केलेल्या एखाद्या लहान शर्यतीत आधी चांगली वेळ नोंदवून येणे हाच यावरचा उपाय आहे, आणि तो खरोखर करण्यासारखा आहे.

या शर्यतीची खरी श्रीमंती वाटेवरच्या, खाणेपिणे आणि मदत मिळणाऱ्या सात ठाण्यांत आहे. स्मोगान, मोंग्सबूदार्ना, रिसबेर्ग, एवर्ट्सबेर्ग, ऊक्सबेर्ग, ह्योकबेर्ग आणि एल्ड्रिस ही त्यांची नावे स्पर्धकांना स्तोत्रासारखी पाठ असतात, कारण थकलेल्या मनाला ९० हा आकडा झेपत नाही, पण ‘पुढचे ठाणे’ झेपते. वासालोपेत ही मोरा आणि सेलेन येथील दोन क्रीडामंडळांच्या मालकीची आहे आणि ठाण्यांवर उभी असलेली माणसे याच परिसरातली असतात. हातात कागदी पेले धरून ती चाकोरीच्या दोन्ही बाजूंना रांगेने उभी राहतात, आणि त्यांच्या हातून जे मिळते ते म्हणजे ब्लूबेरी सूप.

या सुपाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्या नावावरून आपल्याला चुकीची कल्पना येते. ते खारट नसते. रानातल्या ब्लूबेरी साखरेबरोबर शिजवून त्याला बटाट्याच्या पिठाने दाटपणा आणलेला असतो, आणि तो दाटपणा आजारपणात घरी देतात त्या आरारूटाच्या पेजेसारखा, घशातून न अडखळता उतरणारा असतो. ते कोमट असते, उकळते नसते, आणि यामागे पूर्ण विचार आहे: दोन्ही हातांना काठ्यांचे पट्टे बांधलेला माणूस फुंकर घालत थांबू शकत नाही, त्याला तीन घोटांत साखर, पाणी आणि ऊब पोटात घालून पुढे जायचे असते. चौथ्या-पाचव्या तासाला बाजारातल्या गोड जेलचा वास नकोसा होतो, तेव्हाही हे सूप मला नको वाटले नाही, कारण त्याच्या गोडीत फळाची आंबट-तुरट चव शिल्लक असते. ठाण्यापुढच्या पन्नास-शंभर मीटरांत बर्फावर सांडलेले जांभळे थेंब आणि सर्वांच्या हातमोज्यांवरचे जांभळे डाग दिसतात. सुपाबरोबर गव्हाचा मऊ गोड पाव, खेळाडूंचे पेय आणि काही ठाण्यांवर खारट सार असते. घाम खूप गेलेला असेल तर सार सोडू नये; मी पहिल्या वर्षी सोडले आणि ऊक्सबेर्गच्या पुढे पोटऱ्यांत गोळे आले.

आता वॅक्सविषयी. या शर्यतीत पारंपरिक शैलीच चालते, म्हणजे बर्फात कोरलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतूनच जायचे असते. स्कीचा मधला भाग किंचित कमानीसारखा उचललेला असतो. दोन्ही पायांवर भार असताना तो बर्फाला टेकत नाही, पण एका पायावर पूर्ण भार दिला की टेकतो, आणि तेथे लावलेले पकडीचे वॅक्स बर्फाला धरून पुढे रेटा देते. अव्वल स्पर्धक हे वॅक्स न लावता फक्त दोन्ही काठ्यांच्या जोरावर सगळे अंतर कापतात; २०२१ मध्ये नॉर्वेच्या तूर अस्ले येर्डालेनने याच पद्धतीने ३ तास २८ मिनिटे १८ सेकंदांत शर्यत जिंकली. सामान्य स्पर्धकाला मात्र चढावर पकड लागतेच, आणि पकड बर्फाच्या तापमानावर व कणांच्या जुनेपणावर अवलंबून असते.

दुसऱ्या वर्षी मी आदल्या संध्याकाळी एका खासगी दुकानात पैसे देऊन स्की तयार करून घेतल्या. त्यांनी जुन्या, गोठून कडक झालेल्या बर्फासाठी वापरतात ते चिकट क्लिस्टर लावले. रात्री ताजे हिम पडले आणि सकाळी उणे नऊ अंश तापमान होते. पहिल्या चढाच्या माथ्यावरच स्कीखाली बर्फाचे गोळे धरू लागले. चाकोरीतून सरकण्याऐवजी मी अक्षरशः चालत होते, आणि दर दोनशे मीटरांवर थांबून काठीच्या टोकाने तळ खरवडत होते. मोंग्सबूदार्ना हे २४ किलोमीटरांवरचे ठाणे गाठले तेव्हा शर्यत सोडण्याचा निर्णय मनात जवळजवळ झाला होता. प्रत्येक ठाण्यावर ठराविक वेळेनंतर दोर लावून वाट बंद करतात, आणि त्या दोरात आणि माझ्यात फार अंतर उरले नव्हते.

तेथील वॅक्सच्या तंबूत एका वयस्कर गृहस्थांनी काही न विचारता माझी एक स्की उलटी करून लाकडी घोड्यावर ठेवली, तळावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. त्यांनी पातळ पत्र्याने क्लिस्टर पूर्ण उतरवले, चिंधीवर द्रावण घेऊन पुसून काढले, मग थंड नव्या हिमाचे घट्ट वॅक्स कांडीने तीन पातळ थरांत लावले आणि प्रत्येक थर बुचाने घासून असा गुळगुळीत केला की त्यावर तंबूतल्या दिव्याची रेघ दिसू लागली. दुसरी स्की तशीच. मागे रांग उभी असताना त्यांनी एकही थर कमी केला नाही. उठताना त्यांनी बाहेरच्या आकाशाकडे बोट दाखवून दुपारी ऊन वाढेल, एवर्ट्सबेर्गला पुन्हा पाहून घे, असे सांगितले. ४७ किलोमीटरांवरच्या त्या ठाण्यावर मी खरोखर थांबले आणि तेथे किंचित मऊ वॅक्सचा एक थर वर चढवून मिळाला. त्या वर्षी मी दिवेलागणीनंतर मोरात पोहोचले, पण पोहोचले.

मी इतर शर्यतींतही वॅक्सचे तंबू पाहिले आहेत. तेथील माणसे वाईट नसतात, परंतु मागून येणाऱ्याला घाईने काहीतरी लावून देण्याकडे त्यांचा कल दिसतो. वासालोपेतमध्ये शेवटच्या गटातल्या माणसाचेही काम पूर्ण केले जाते, सूप संध्याकाळीही कोमटच असते, आणि अंधार पडल्यावर एल्ड्रिसच्या ठाण्यावरचे लोक सकाळइतक्याच मोठ्या आवाजात ‘हेया, हेया’ म्हणत असतात. माझ्या दृष्टीने सेवेचे मोजमाप येथेच होते, कारण पहिल्या शंभरांची काळजी सगळेच घेतात.

मोराच्या रस्त्यावर शेवटी जी कमान लागते तिच्यावर ‘भावी विजयांसाठी पूर्वजांच्या वाटेने’ अशा अर्थाचे स्वीडिश वाक्य आहे. १५२०–२१ च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या राजापासून पळणाऱ्या गुस्ताव वासाला, म्हणजे स्वीडनच्या पुढच्या राजाला, परत आणण्यासाठी मोराचे दोघे स्कीवरून त्याच्या मागे सेलेनपर्यंत गेले, ही त्यामागची कथा. १९२२ च्या पहिल्या शर्यतीत ११९ जण सुटले होते. पुढच्याच वर्षी मार्गित नुर्दिन ही पहिली स्त्री शर्यत पूर्ण करून गेली आणि त्यानंतर १९२४ पासून १९८१ पर्यंत स्त्रियांना येथे प्रवेशच नव्हता. कमानीखालून जाताना मला दरवेळी त्या वाक्याआधी नुर्दिनबाईंची आठवण होते.

कमानीनंतर अंघोळीची आणि गरम जेवणाची सोय आहे. जेवण साधेच असते, त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे नाही, पण जागा उबदार असते आणि ओले बूट काढून बसता येते. ज्यांना या शर्यतीला यायचे आहे त्यांनी नावनोंदणी आणि शाळेतला मुक्काम एकाच वेळी ठरवावा, पकडीच्या दोन-तीन कांड्या, बूच आणि पत्रा कमरेच्या पिशवीत ठेवावा, आणि ट्रकमध्ये द्यायच्या पिशवीत कोरडे मोजे सर्वांत वर ठेवावेत, कारण मोरात ती पिशवी हाती येते तेव्हा बोटांना खालचे काही शोधण्याइतकी ताकद उरलेली नसते.