जुना डीलक्स रिव्हर्ब घुमतोय: घरी बघायचा की कारागिराकडे न्यायचा?

साठच्या दशकातला फेंडर डीलक्स रिव्हर्ब, म्हणजे गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, हाती आलाय. गिटार वाजते, पण मागे अखंड घूंऽऽ चालू. माझा कौल आधीच सांगतो: व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, सॉकेटपर्यंत तुम्ही; चॅसिसच्या, म्हणजे सर्किटच्या पत्र्याच्या पेटीच्या, आत कारागीर.

घरच्या तपासणीला खर्च जवळजवळ नाही. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा, आणि स्पीकर कधीही काढून ठेवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर घूं गेली, तर दोष बहुधा इनपुटकडच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये. लाकडी पेन्सिलीने एकेकाला हलकेच टिचकी मारा. जो स्पीकरमधून टणटणतो, त्याच्या जागी चांगला १२एएक्स७ (त्याच जातीचा छोटा व्हॉल्व्ह) लावून बघा. शून्यावरही घूं तशीच राहिली, तर बंद करून, गार झाल्यावर दोन ६व्ही६च्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हच्या) अगदी शेजारचा छोटा १२एटी७ काढा आणि तो नसतानाच अ‍ॅम्प पुन्हा चालू करा. तरीही घुमतोय? मग संशय फिल्टर कपॅसिटरवर (वीजपुरवठ्यातली घूं गाळणारे ते हेच) किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या ६व्ही६वर. इथेच लोक व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह विकत घेत बसतात.

कपॅसिटर बदलायचे म्हणजे चारशेहून जास्त व्होल्टशी गाठ, आणि प्लग काढल्यावरही तो साठा आत असतो. ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री करायची सवय नसेल, तर यूट्यूब बघून शिकायची ही जागा नव्हे. शिवाय मूळ वायर दोन पिनांची. मेन्स आणि चॅसिसमधला कपॅसिटर गळायला लागला की करंट गिटारच्या तारांवर. तो काढून तीन पिनांची अर्थिंगवाली वायर टाकून घेणं हे घूं घालवण्याच्याही आधीचं काम.

कारागीर कोण? जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे काका मला आवडतात. हाय व्होल्टेज त्यांच्या अंगवळणी असतं, बंद पडलेला सेट ते सिरीज बल्बवरच (करंट आवरायला मध्ये जोडलेल्या बल्बवर) चालू करतात. एकच विचारा: “६व्ही६ बदलल्यावर बायस सेट करता ना?” बायस म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं सेटिंग. रेडिओत बहुतेकदा ती गरज पडत नाही, या अ‍ॅम्पमध्ये पडते.

अ‍ॅम्प फेंडर चँप असता, तर पारडं थोडं घराकडे झुकलं असतं: एकच ६व्ही६, बायस आपोआप. व्होल्टेज मात्र तितकंच जीवघेणं.

६व्ही६ची प्लेट (काचेच्या आतला धातूचा पत्रा) लाल झालेली दिसली, तर तुलना तिथेच संपली. बंद करा आणि रिक्षा बोलवा. काढलेले जुने कपॅसिटर तेवढे पिशवीत घालून परत मागून घ्या. पुढे विकायची वेळ आली, तर घेणारा तेच विचारतो.