दीड हजारातलं स्कूबा

मी फोंड्याचा. जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलंच, त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटते. गोव्यात फसणारे म्हणजे भाड्याची स्कूटर आणि फुलाफुलांचा शर्ट, असा माझा पक्का समज होता. आमच्यासारखी फोंड्याकडची, अंत्रुज महालातली माणसं तशीही पाहुणे आले की मगच समुद्र बघतात.

नाताळच्या सुट्टीत नागपूरहून ताई, भावोजी, चौदा वर्षांची भाची आणि नऊ वर्षांचा भाचा असे चौघे आले. मंगेशी, शांतादुर्गा वगैरे ठीक आहे, पण आपण समुद्राच्या तळाशी जाणार, हे भाच्याने गाडीत बसल्याबसल्याच जाहीर केलं होतं. मी म्हटलं, मामा आहे ना, काळजी कशाला.

संध्याकाळी कळंगुटला गेलो. वाळू सुरू होते तिथे एक घडीचं टेबल, वर छत्री आणि लॅमिनेट केलेल्या फोटोंचा अल्बम. निळंशार पाणी, कासव, बुडालेलं जहाज. पोरगा पर्यटकांशी हिंदीत बोलत होता. मी कोंकणीत भाव विचारला तसा त्याचा चेहराच बदलला. ‘पात्रांव, तूं आमचो मनीस. तुका लोकल रेट दितां.’ बोर्डावर 1,999 लिहिलं होतं, मला त्याने 1,499 सांगितले. त्यात ग्रँड आयलंडची बोट, डॉल्फिन, नाश्ता, जेवण, स्कूबा आणि व्हिडिओ, सगळं आलं. आमचो मनीस म्हटल्यावर मी विरघळलो. दुसऱ्या दिवशी बोटीत शेजारी पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनाही 1,499च लावले होते, फक्त त्यांना ती सूट ‘आपला मराठी माणूस’ म्हणून मिळाली होती.

त्या टेबलाशी मी काय काय विचारलं ते आठवलं की अजून कपाळावर हात जातो. जेवणात नुस्तें म्हणजे मासे असतील का, निघायचं किती वाजता, टॉवेल आणायचा का. किती खोल नेणार, किती मिनिटं, एका शिकवणाऱ्यामागे माणसं किती, यातलं एकही तोंडातून निघालं नाही. आणि त्यानेही आम्हाला काही विचारलं नाही. भावोजी रक्तदाबाची गोळी घेतात, शिवाय त्या दिवशी त्यांचं नाक चोंदलेलं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री आठला त्यांचं मोपाहून विमान होतं. भाच्याचं वय तेवढं मीच सांगितलं. ‘आठच्या वर सगळ्यांना चालतं,’ तो म्हणाला. माणशी पाचशे ॲडव्हान्स यूपीआयने गेला. नाव भलत्याच कुणाचं तरी दिसलं, तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

सकाळी साडेआठला नेरुलच्या कोको बीचवर पोचलो. उरलेले पैसे रोख द्या म्हणाले. दिले. मग जेटी आणि लाइफ जॅकेटचे माणशी शंभर निघाले. तेही दिले, कारण भाचा एव्हाना बोटीत जाऊन बसला होता. अशा धंद्याचं सगळं गणित लहान मुलांच्या चेहऱ्यावर चालतं. बोट सुटल्यावर इंग्रजी फॉर्म वाटले, एक पेन तीसेक माणसांत फिरलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या. तो आजारांचा फॉर्म होता. दमा, हृदय, रक्तदाब, कान, सगळं त्यात होतं. भावोजींनी ‘नाही, नाही, नाही’ अशा टिका मारल्या, कारण पुढच्या माणसाने तसंच केलं होतं.

आग्वादच्या कड्याखालून बाहेर पडलो की मुरगाव बंदरासमोर नांगरून पडलेली मोठी जहाजं दिसतात. हा प्रवास मात्र सुंदर आहे, पैसे त्याचेच दिले असं समजलं तर दुःख कमी होतं. डॉल्फिनची पाठ दोनदा दिसली. ताईला पहिल्या अर्ध्या तासातच बोट लागली. ती जी मागच्या बाकावर पिशवी घेऊन बसली, ती शेवटपर्यंत तिथेच.

बेट जवळ आलं तसा एकजण विक्रीला उभा राहिला. पॅकेजमध्ये आहे ते ‘नॉर्मल’, हजार रुपये जास्त दिले तर ‘डीप डाइव्ह’, त्यात बुडालेलं जहाज बघायला मिळेल. व्हिडिओ फुकट होता, पण एडिट केलेला हवा तर हजार. आम्हा गोंयकारांना बुडालेल्या जहाजाचं अप्रूप नसावं खरं तर. 2000 साली कांदोळीच्या वाळूत रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस आम्ही वर्षानुवर्षं फुकट बघितलंय. तरी मी आणि भावोजींनी डीपचे हजार-हजार मोजले, वर एडिट केलेल्या व्हिडिओचे हजार. एकूण हिशेब आत्ताच सांगून टाकतो: 10,995 रुपये.

आता पाण्यातलं. बोट बेटाच्या आडोशाला थांबली. मागे लोखंडी शिडी, शिडीजवळ चार सिलिंडर. ते चार सिलिंडर सगळ्या बोटीने आळीपाळीने वापरले. एकाच्या तोंडातलं नळकांडं काढायचं, बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात बुचकळायचं आणि दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं. शिकवणं म्हणजे एकच वाक्य: ‘नाकाने नाही, तोंडाने श्वास घ्या, बाकी आम्ही बघतो.’

भाची पहिली उतरली. मिनिटभरात खाली एक पिवळा मासा दिसला, ती खूश झाली आणि तिने अंगठा वर करून दाखवला. तो माणूस तिला लगेच वर घेऊन आला. संपलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, आणि सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा-तर्जनीचं कडं करतात. ‘तूच खूण केलीस ना,’ तो म्हणाला. म्हणजे खूण त्याला ठाऊक होती, फक्त पोरीला सांगितली नव्हती. पुन्हा उतरवायला नकार. पोर रडकुंडीला आली.

भाच्याला त्यांनी शिडीच्या शेवटच्या पायरीला धरून ठेवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला, मासे जमले, फोटो निघाला.

माझा डीप डाइव्ह असा: पाठीमागून एकाने सिलिंडरला धरलेलं, समोर नांगराचा दोर. मला सामानासारखं खाली ढकलत नेलं. पाणी हिरवट, हात लांब केला तर बोटं दिसत, त्यापलीकडे धुकं. मान वर केली तर बोटीचा तळ दिसत होता. तळाला चिकटलेली कालवं, त्यांच्यातून लोंबणारं शेवाळ, एका जागी रंगाचा पोपडा निघून खालचा लाल दिसत होता. ती कालवं मी मोजू शकलो असतो. कुठलं जहाज बघायला मिळालं म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, आम्ही ज्यातून आलो तेच, खालून. चारेक मिनिटांत वर आलो.

भावोजींचं तेवढंही झालं नाही. दोन-अडीच मीटरवर त्यांचा डावा कान असा दुखला की ते हातपाय मारत वर आले, मास्कमध्ये रक्ताचा थेंब. शिडीवरचा माणूस म्हणाला, ‘नॉर्मल है.’ भावोजी बाकावर बसून टॉवेलने कान दाबत मला म्हणाले, ‘काऊन भाऊ, हेच का ते स्कूबा?’ मी काय उत्तर देणार?

हे ‘नॉर्मल’ का नव्हतं ते मला नंतर बायकोच्या मावसभावाने सांगितलं. तो तारकर्लीला डायव्हिंग शिकला आहे आणि पाण्याचा विषय निघाला की थांबत नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच कानातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं, आणि म्हणून कानाला सगळ्यात जास्त त्रास वरच्या वरच होतो. अगदी पहिल्या मीटरपासून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत कान मोकळे करत जायचं असतं. नाक चोंदलेलं असेल तर ते होत नाही, तेव्हा त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. दुसरं, सिलिंडरने श्वास घेताना दम कधीही रोखून धरायचा नाही. दम रोखून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते, आणि ते दीड-दोन मीटरवरूनसुद्धा जिवावर बेतू शकतं. ही दोन वाक्यं सांगायला मिनिटभर लागतं. आमच्या बोटीत ती कुणाला सांगितली नाहीत. उलट विकणारा सारखा ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणत होता. त्यात साधी दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन भरून कुणी खोल गेला तर झटके येऊ शकतात. ऑक्सिजन म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करून परत फिरायचं, असं मावसभाऊ म्हणतो.

भाच्याचं वय ऐकून तर तो उडालाच. पाडी ही डायव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या नियमात समुद्रातल्या पहिल्या अनुभवाला किमान दहा वर्षं लागतात. आठ-नऊच्या मुलांसाठी जे आहे ते पोहण्याच्या तलावात किंवा तसल्याच शांत, उथळ पाण्यात, फार तर दोन मीटर. एजंटने ‘आठ’ हा आकडा कुठून तरी उचलला होता, सोबतची अट तेवढी टाकून दिली होती.

ग्रँड आयलंडला खरं डायव्हिंग होत नाही असं मात्र नाही. तिथे सूझीज रेक नावाचं बुडालेलं जहाज खरोखर आहे. पण नवख्याला जास्तीत जास्त बारा मीटर नेतात, आधी उथळ पाण्यात सराव करून घेतात, एका शिकवणाऱ्यामागे एक-दोन माणसं असतात आणि एक डुबकी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. दीड हजारात बोटीचं डिझेल, दोन वेळचं खाणं, एजंटचं कमिशन भागवून हे बसणार कसं, याचा हिशेब करायला मला दहावीचं गणित पुरेसं होतं. मावसभावाच्या ओळखीच्या ठिकाणी मला माणशी सहा हजारांच्या आसपास सांगितले, आणि पैशाच्या आधी वय, औषधं आणि परतीचं विमान विचारलं. विमानाचं ऐकून मी चकित झालो. एका डुबकीनंतर किमान बारा तास उडायचं नसतं, अनेक डुबक्या झाल्या असतील तर अठरा. आम्ही साडेअकराला पाण्यात आणि आठला मोपाच्या धावपट्टीवर. खरं डायव्हिंग करवलं असतं तर पंचाईत होती. फसवलं म्हणून त्यातून सुटलो. कान मात्र विमानात आणखी ठणकला. नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्याला सूज सांगितली, तीन आठवडे औषध चाललं.

आता ज्यांना जायचंय त्यांनी पाण्यातल्या गोष्टींबरोबर कागदही बघा. शिकवणाऱ्याचं पाडी किंवा एसएसआय या तसल्याच संस्थेचं कार्ड मागा, नंबर ऑनलाइन तपासता येतो. गोव्यात पर्यटनाचा धंदा 1982च्या कायद्याखाली नोंदवावा लागतो, तो नोंदणी क्रमांक पावतीवर आहे का बघा. माझ्याकडे होती ती हिरवी चिठ्ठी: एक मोबाइल नंबर, ‘नॉन रिफंडेबल’ आणि पेनाने लिहिलेला 5 हा आकडा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा पहिला प्रश्न आला, बिल कुणाच्या नावाचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही, पण दावा लावायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. ते टेबल जानेवारीत मी दोनदा जाऊन शोधलं. त्या जागी सनग्लासेस विकणारा बसतो.

व्हिडिओ आठवड्याने आला, तोही माझ्या सात फोननंतर. सत्तेचाळीस सेकंद. निळंशार पाणी, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, संथ संगीत. शेवटी पाचजण ओळीने पोहत जातात आणि कॅमेऱ्याकडे हात हलवतात. भावोजींच्या उजव्या मनगटावर वर्षभर लाल धागा असतो, त्यातल्या एकाही हातावर धागा नाही. आणि आम्ही उतरलो होतो चौघे.

मी ताईला फोन करून सांगणार होतो. त्याआधीच तो व्हिडिओ नागपूरच्या भिशीच्या ग्रुपवर जाऊन आला होता. भाच्याने पाचही माणसं ओळखूनही टाकली होती: ‘आणि ही सगळ्यात मागे आई!’ ताईच्या सासूबाईंनी म्हणे तो तीनदा लावून घेतला आणि म्हणाल्या, सूनबाई हिमतीची हो.