व्हेरिअ‍ॅक्स स्टँडर्डचे पिकअप आणि कॉइल स्प्लिटचा प्रश्न

आमच्या ऑर्केस्ट्राच्या तीन तासांच्या कार्यक्रमात एका गाण्याला अकूस्टिक गिटारचे स्ट्रमिंग लागते, लगेच पुढच्याला टेलिकास्टरचा कडक टणत्कार लागतो आणि त्यानंतर लेस पॉलसारखा भरदार, लांबणारा सूर. प्रत्येक गाण्याला गिटार बदलणे शक्य नसते, कारण निवेदकाची दोन वाक्ये संपायच्या आत पुढचे गाणे सुरू झालेले असते. या गरजेतून मी लाइन सिक्सची व्हेरिअ‍ॅक्स स्टँडर्ड ही अनेक गिटारींचे आवाज देणारी इलेक्ट्रिक गिटार दुसऱ्या हाताची घेतली आणि गेली दोन वर्षे तीच वाजवतो आहे. या गिटारीबद्दल मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : ‘हिला कॉइल स्प्लिट आहे का, नसेल तर करून घेता येतो का?’ पिकअप म्हणजे तारेचे कंपन उचलून त्याचा विजेचा संदेश करणारा भाग, आणि कॉइल स्प्लिट म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमधली एक कॉइल बाद करणे. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतक्यावर संपत नाही, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याच प्रश्नाभोवती लिहितो आहे.

आधी रचना समजून घ्यावी. या गिटारीत आवाज उचलण्याच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. पहिली वाट नेहमीची, म्हणजे तीन सिंगल कॉइल चुंबकीय पिकअप. दुसरी वाट ब्रिजमधून जाते : प्रत्येक तारेच्या सॅडलमध्ये, म्हणजे तार टेकते त्या आधारात, कंपनाचा विजेचा संदेश करणारा एक पीझो घटक बसवलेला आहे, सहा तारांचे सहा संदेश वेगवेगळे आतल्या प्रोसेसरकडे जातात आणि तिथे त्यांना टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर, लेस पॉल, जॅझ बॉक्स, रेझोनेटर किंवा अकूस्टिक गिटारचे रूप दिले जाते. या रूपांनाच मॉडेल म्हणतात. कंपनीची पहिली व्हेरिअ‍ॅक्स २००२ च्या अखेरीस आली, तेव्हा तिच्यावर चुंबकीय पिकअप मुळीच नव्हते. दर्शनी भाग सपाट आणि सगळे काम पीझोवर. त्या गिटारीच्या बाबतीत कॉइल स्प्लिटचा प्रश्नच उद्भवत नव्हता. चुंबकीय पिकअप पुढे जेम्स टायलर मालिकेपासून आले आणि स्टँडर्डमध्ये ते कायम राहिले. मॉडेलचे बटण दाबले की मॉडेलिंग चालू किंवा बंद होते, आणि बॅटरी उतरली तरी चुंबकीय पिकअपवर कार्यक्रम पुरा करता येतो. रंगमंचावर वाजवणाऱ्याला या शेवटच्या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता स्प्लिट म्हणजे काय ते पाहू. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर नावाच्या ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात शेजारी शेजारी दोन कॉइल असतात. त्यांचे चुंबकीय ध्रुव उलट आणि जोडणीही उलट, त्यामुळे तारेचा संदेश एकमेकांत मिळतो आणि विजेच्या तारांतून येणारी भुणभुण एकमेकींना खोडते. स्प्लिट करताना दोन कॉइलचा मधला सांधा अर्थला जोडतात. त्यामुळे एक कॉइल बाद होते, दुसरी एकटी बोलते, आवाज पातळ आणि उजळ होतो, पातळी थोडी उतरते आणि भुणभुण परत येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या भुणभुणीचा १०० हर्ट्झचा जोरकस अंश जाड ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरील जी स्वराच्या किंचित वर बसतो. जी मेजरमधल्या संथ गाण्यात तो किती खुपतो, हे ज्याने डिमरच्या दिव्यांखाली सिंगल कॉइल वाजवली आहे त्याला ठाऊक आहे.

यावरून स्टँडर्डच्या बाबतीत पहिली गोष्ट स्पष्ट होते : तिचे तिन्ही चुंबकीय पिकअप मुळातच सिंगल कॉइल आहेत, त्यामुळे मूळ अवस्थेत स्प्लिट करण्याजोगे तिथे काहीच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तीच नेमकी लोकांच्या ध्यानात येत नाही. चुंबकीय बाजूला तुम्ही कोणताही पिकअप बसवा, तो कसाही स्प्लिट करा, मॉडेलच्या आवाजात कणभरही फरक पडत नाही. मॉडेल पीझोवरून घडतात, त्यांना चुंबक दिसतच नाही. म्हणून ‘माझा लेस पॉलचा आवाज स्प्लिट व्हावा’ अशी इच्छा असेल, तर कात्री आणि सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवून संगणक उघडावा.

कंपनीचे वर्कबेंच एचडी हे सॉफ्टवेअर म्हणजे या गिटारीचा खरा कारखाना. त्यात आधी गिटारचे खोड (बॉडी) निवडायचे, त्यावर हवे ते पिकअप ठेवायचे, ते पडद्यावर ब्रिजकडे किंवा नेककडे सरकवायचे, तिरके करायचे आणि व्हॉल्यूमच्या पॉटचे, म्हणजे फिरवण्याच्या नियंत्रकाचे, मूल्य व टोनचा कपॅसिटरही बदलायचा. मी लेस पॉलच्या खोडावर ब्रिजच्या हंबकरच्या जागी सिंगल कॉइल ठेवला आणि ती रचना जपून ठेवली. हा खऱ्या अर्थाने स्प्लिट नाही, पिकअपची अदलाबदल आहे; तरीही कानाला हवे असलेले काम तो चोख करतो. खऱ्या गिटारीत स्प्लिट हंबकर स्ट्रॅटसारखा कधीच वाजत नाही, कारण त्याच्या कॉइलखाली पट्टीचे चुंबक आणि वर लोखंडी स्क्रू असतात, तर स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये उभे चुंबकच कॉइलच्या आरपार गेलेले असतात. इथे पडद्यावर ती अडचण राहत नाही. शिवाय भुणभुण नाही. दिवे कितीही असोत, सभागृहाचे अर्थिंग कसेही असो, दोन गाण्यांमधल्या शांततेत गिटार शांत राहते. एवढ्या एका गुणासाठी मी या गिटारीला पूर्ण गुण देईन.

एवढे असूनही मी ब्रिजचा चुंबकीय पिकअप बदलला. मॉडेलमध्ये आवाजाचा पोत बरोबर येतो, पण जास्त गेनवर तळहाताने तारा दाबून वाजवताना पीझोच्या वाटेने हाताची खटखट सुद्धा आत येते आणि तार ओढून धरल्यावर ॲम्पसमोर सूर फुलतो तो अनुभव चुंबकावर अधिक खरा लागतो. मूळ ब्रिज पिकअप स्वच्छ आवाजाला उत्तम आहे, फक्त सोलोसाठी मला बारीक वाटत होता. म्हणून सिंगल कॉइलच्याच आकाराचा, दोन पात्यांचा, चार जोड-वायरींचा हंबकर तिथे बसवला. या आकाराचे हंबकर सेमूर डंकन आणि डिमार्झिओ दोन्ही कंपन्या करतात आणि त्यासाठी लाकूड कोरावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नेहमीच्या गिटारीत आपण टोनचा पॉट काढून ओढ-दाब पद्धतीचा पॉट लावतो आणि तिथून स्प्लिट करतो. व्हेरिअ‍ॅक्समध्ये मात्र व्हॉल्यूम, टोन आणि पाच टप्प्यांचा स्विच चुंबकीय पिकअपसाठीही राबतात आणि मॉडेलसाठीही. ते पॉट बदलण्याच्या फंदात पडू नये. मी पिकगार्डला एक बारीक भोक पाडून छोटा टॉगल स्विच लावून घेतला, आणि गिटारीचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग जिथल्या तिथे राहिला. ज्या कारागिराकडून डाग देऊन घ्याल, त्याला सर्किट बोर्डाला हात न लावण्याची सूचना आधीच द्यावी. माझ्या पहिल्या कारागिराने ती मनावर घेतली नाही आणि आतल्या पट्टीची एक जोडणी सैल झाली. सुदैवाने ती पुन्हा बसवता आली.

पूर्ण स्प्लिट केल्यावर पात्यांचा हंबकर मला फार चिरका वाटला. मग मधला सांधा थेट अर्थला न जोडता ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडला. त्यामुळे दुसऱ्या कॉइलचा काही अंश शिल्लक राहतो, आवाजाला थोडे अंग येते आणि भुणभुणही किंचित कमी होते. रेझिस्टर काही रुपयांचा, पण फरक पहिल्या कॉर्डलाच कळतो. आणखी एक बारकावा : स्प्लिट केलेला ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावल्यावर भुणभुण कमी व्हायला हवी. ती कमी न होता वाढली, तर चुकीची कॉइल शिल्लक राहिली आहे असे समजावे आणि सांधा अर्थऐवजी पिकअपच्या हॉट वायरला, म्हणजे संदेश बाहेर नेणाऱ्या वायरला, जोडावा. मग दुसरी कॉइल बोलू लागते आणि फेज बिघडत नाही. मला हे दोनदा करावे लागले.

प्रत्यक्ष कार्यक्रमात माझी विभागणी आता ठरून गेली आहे. स्वच्छ ऱ्हिदम, अकूस्टिक आणि सिंगल कॉइलचे सगळे आवाज मॉडेलवर, तर सोलो आणि जाड रिफ चुंबकीय हंबकरवर. स्प्लिटचा टॉगल मुख्यतः तालमीत आणि घरी, हातातल्या दाबाला आवाज कसा उत्तर देतो हे ऐकायचे असते तेव्हा वापरला जातो. केवळ स्प्लिटसाठी कोणी ही गिटार घेणार असेल तर मी तसे सुचवणार नाही. साधी दोन हंबकरची गिटार त्याला कमी खर्चात अधिक समाधान देईल. ज्याला एका गाण्यात ड्रॉप डी आणि पुढच्यात ओपन जी अशी वेगवेगळी ट्यूनिंग हवी आहेत, तेही खुंट्यांना हात न लावता, त्याच्यासाठी मात्र दुसरा पर्याय मला दिसत नाही. मॉडेलचा सूर बदलणाऱ्या ट्यूनिंगच्या नॉबचा वापर घरी हळू आवाजात केला, तर तारांचा मूळ सूर कानावर पडून मॉडेलच्या सुराशी भांडतो, म्हणून तेव्हा हेडफोन लावावेत.

दुसऱ्या हाताची घेणाऱ्याने दुकानात आधी मॉडेल चालू करावे, ट्यूनिंग नेहमीचे ठेवावे आणि सहाही तारा एकेक करून, सारख्या जोराने छेडाव्यात. एखादी तार मागे पडत असेल किंवा खरखरत असेल, तर तिच्या सॅडलखालचा पीझो किंवा त्याची वायर तपासायला हवी. नंतर बटण दाबून चुंबकीय बाजूला यावे आणि तीच तार पुन्हा छेडावी. तिथे ती नीट बोलली, तर दोष ब्रिजमध्ये आहे हे विक्रेत्यासमोरच सिद्ध होते. बॅटरी किती वेळ टिकते हेही विचारावे. नवी बॅटरी बारा तासांपर्यंत चालते असे कंपनी सांगते, जुनीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये, आणि हीलिक्ससारख्या फ्लोअर प्रोसेसरला नेटवर्क केबलसारख्या दिसणाऱ्या डिजिटल केबलने गिटार जोडली तर वीज तिथूनच मिळते.