नागाव-चौलच्या मधली घोड्यांची वाडी: फिरायला ठीक, शिकायला एक नंबर

आधी पैशाचं सांगून टाकतो कारण सगळे तेच विचारतात आणि वाडीवाले काका फोन उचलत नाहीत. घोड्यावर बसायचे अर्ध्या तासाचे ६०० रुपये, महिन्याची बॅच लावली तर ५,०००, आठवड्यातून तीन सकाळी. कॅश न्या. यूपीआयचा कोड सूनबाईंच्या फोनवर आहे आणि सूनबाई शाळेत शिकवतात, त्यामुळे सकाळी सातला "स्कॅनर द्या ना" वगैरे चालत नाही. आता कोणी म्हणेल बीचवर दीडशेत बसवतात की. बसवतात ना. घुंगरू बांधलेला, बरगड्या मोजता येतील असा घोडा, पन्नास पावलं तिकडे पन्नास इकडे, पोरगं रडलं की खाली उतरवायचं आणि फोटोचे वेगळे. ते हवं असेल तर तिकडेच जा, कारण इथे काका पहिल्या दिवशी घोड्यावर बसूच देत नाहीत.

हो, बरोबर वाचलंत. पैसे देऊन पहिला दिवस खरारा करायचा, म्हणजे घोडा ब्रशने घासूनपुसून काढायचा.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याने निघालात की अक्षी जातं, नागाव जातं, मग चौलच्या अलीकडे उजव्या हाताला सुपारीच्या वाड्यांमधून एक बोळ समुद्राकडे जातो, तिथे. बोर्ड नाही, मॅपवर पिन नाही, नाक्यावरच्या किराणावाल्याला "रेसवाले काका" म्हणून विचारा. घोडे चारच. दोन मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून रिटायर झालेले थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, एक काठेवाडी घोडी आणि बारक्या मुलांसाठी एक पोनी, जो दिसायला गरीब आहे पण चावतो.

मी गेलो ते भाच्यामुळे. वय तेरा, रीलं बघून बघून ठरवलंय की रेसच्या घोड्यांचा ट्रेनर व्हायचं. आमच्या ताईला वाटलं आयटीआयसारखा काहीतरी कोर्स असेल, दहावीनंतर फॉर्म भरायचा, दोन वर्षांनी सर्टिफिकेट. म्हटलं आधी कुणाला तरी विचारू, आणि या भागात विचारण्यासारखा माणूस हा एकच.

काकांची स्टोरी थोडक्यात सांगतो कारण खरं तर पैसे तिचेच आहेत. वडील गिरणीत, लोअर परळची चाळ, तिथून रेसकोर्स चालत. शाळा सुटली तसे ओळखीच्या एकाने तबेल्यात सईस म्हणून चिकटवले. सईस म्हणजे घोड्याचं सगळं, लीद काढण्यापासून रात्री त्याच्याशेजारी झोपण्यापर्यंत. अंगाने बारीक होते म्हणून पुढे रायडिंग बॉय झाले, पहाटे ट्रॅकवर घोडे पळवायचे, जॉकी व्हायचं स्वप्न होतं पण अठरा-एकोणीसला उंची वाढली, वजन वाढलं आणि तो विषय संपला. मग जमादार. जमादार म्हणजे तबेल्याचा मुकादम, ट्रेनरच्या खालचा पहिला माणूस, कुठल्या घोड्याने चंदी म्हणजे खुराक सोडला, कुणाचा पाय गरम लागतोय हे ट्रेनर यायच्या आधी त्याला माहीत असतं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, जुलै ते ऑक्टोबर पुणे, घोड्यांबरोबर ट्रकमधून जायचं यायचं, आयुष्य त्यात गेलं. रेसबुकात ट्रेनरचं नाव छापतात, जॉकीचं छापतात, घोड्याच्या आईबापाचंपण छापतात. जमादाराचं नाही.

तर भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, काका ट्रेनर व्हायला काय शिकावं लागतं. काकांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "आधी हा घोडा पुसून दे, मग सांगतो."

मग सांगितलंसुद्धा, आणि बऱ्यापैकी सांगितलं. लायसन्स टर्फ क्लब देतो, म्हणजे रेस भरवणारा क्लब. त्याच्याआधी कुठल्या तरी ट्रेनरच्या हाताखाली असिस्टंट म्हणून घासावं लागतं. आणि लायसन्स मिळालं तरी घोडे ट्रेनरचे नसतात, मालकांचे असतात, मालकाने तुमच्याकडे घोडा ठेवला तर दर महिन्याची ट्रेनिंग फी आणि बक्षिसातला टक्का, नाही ठेवला तर लायसन्स फ्रेम करून भिंतीला लावा. काका म्हणाले की घोडा कळणारे खूप बघितले, मालकाशी बोलता येणारे थोडे, आणि दोन्ही जमतं तोच टिकतो. बापाचा तबेला असेल तर मालक आपोआप येतात. बेंगळुरूला रशीद बायरामजी केवढे मोठे ट्रेनर, त्यांचा मुलगा डेरियसही ट्रेनर झाला. दुसरा रस्ता जॉकीचा. पेसी श्रॉफ, जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी, म्हणजे आपल्याकडची सगळ्यात मोठी रेस, जिंकले, २००४ ला रायडिंग थांबवलं आणि ट्रेनर झाले, तिथेही चॅम्पियन. मालेश नरेडू, तेही आधी टॉपचे जॉकी. तिसरा रस्ता तबेल्यातून वर यायचा, सईस, जमादार, असिस्टंट, "तो आमचा रस्ता," काका म्हणाले, "त्याच्यात खड्डे फार."

मी रेस खेळत नाही पण वाचतो बऱ्यापैकी, म्हणून मध्ये मध्ये माझंही तोंड चालू होतं. अमेरिकेचा डी. वेन लुकास घ्या, हा माणूस हायस्कूलमध्ये मास्तर आणि बास्केटबॉलचा कोच होता, आधी क्वार्टर हॉर्स म्हणजे छोट्या अंतराचे घोडे पळवले, मग थरोब्रेडकडे वळला आणि चार वेळा केंटकी डर्बी ही तिकडची मोठी रेस मारली, पहिली १९८८ ला, तीही विनिंग कलर्स नावाच्या घोडीवर. त्याच्या हाताखालचा टॉड प्लेचर पुढे स्वतः मोठा ट्रेनर झाला, म्हणजे मास्तरकी काही सुटली नाही. सईद बिन सुरूर दुबईला पोलिसात होता, १९९५ ला लॅमटारा नावाचा घोडा घेऊन इंग्लंडची डर्बी जिंकून गेला. मार्टिन पाइप बुकीचा मुलगा, जॉकी म्हणून काही खास नाही, पण घोड्यांचं रक्त तपासून, छोट्या छोट्या टप्प्यांत पळवून फिटनेस आणायची पद्धत बसवली आणि १५ वेळा ब्रिटनमध्ये जंप रेसिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या रेसचा, चॅम्पियन ट्रेनर. बुकीचा मुलगा म्हटल्यावर काका खूप हसले, का ते सांगितलं नाही.

आमच्या ताईची वेगळीच काळजी होती. भाच्याला धुळीचा त्रास आहे, थंडीत पंप घ्यावा लागतो, आणि तबेला म्हणजे गवत आणि भुसा. तर ऑस्ट्रेलियाचे ट्रेनर बार्ट कमिंग्ज, मेलबर्न कप ही तिकडची मोठी रेस १२ वेळा जिंकलेले, त्यांना दमा होता आणि डॉक्टरांनी घोडे आणि गवत दोन्हीपासून लांब राहायला सांगितलं होतं. वडील ट्रेनर, त्यांचा कॉमिक कोर्ट नावाचा घोडा १९५० चा कप जिंकला तेव्हा त्याला सांभाळायला हेच. डॉक्टरचं ऐकलं नाही ते बरं झालं म्हणायचं. (ताईला हे सांगितलं तर म्हणाली डॉक्टरचं ऐक. पंप बरोबर असतोच.) इथे एक चांगलं आहे की काका वाळलं गवत पाण्यात बुडवून, निथळवून मगच घालतात, घोड्याच्या छातीसाठी करतात पण पोरालाही फायदा.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्या दोन-तीन सकाळी खरारा, खुरातली घाण हुकने काढणं, आणि पाय चाचपणं. पुढच्या पायाच्या मागची शीर, टेंडन, वरून खाली दोन बोटांनी, दोन्ही पाय एकामागून एक, कुठला गरम लागतो सांग. बस्स. भाच्याला कंटाळा येईल असं वाटलेलं पण पोरगं चौथ्या फेरीला म्हणालं की हा डावा जरा गरम आहे, आणि खरंच होता, त्या दिवशी तो घोडा बाहेर काढला नाही, आमच्याआधीचं गिऱ्हाईक नाराज होऊन परत गेलं. म्हणजे बघा, ६०० रुपये हातातले सोडले. बीचवर घोडेवाले लंगडणारा घोडापण दिवसभर चालवतात, दिसतं ते सगळ्यांना.

चंदी बघण्यासारखी आहे. भिजवलेले चणे, ओट्स, कोंडा, लसूणघास. सगळं उंच टबात, जमिनीवर काहीच नाही, कारण इथे जमीन म्हणजे रेती आणि चाऱ्याबरोबर रेती पोटात गेली की घोड्याला पोटशूळ होतो, जिवावर बेततं. हे बीचवरच्या किती जणांना माहीत असेल देव जाणे.

किनाऱ्यावर नेतात ते ओहोटीला, त्यामुळे टायमिंग रोज सरकतं आणि "काल सातला होतं आज का नाही" असं विचारू नका, कॅलेंडरमध्ये तिथी बघा. पाण्याजवळची ओली टणक रेती पळवायला चांगली, सुरूच्या बनाजवळची कोरडी भुसभुशीत रेती पायाच्या शिरांना वाईट, तिथून फक्त चालवत न्यायचं. शेवटी घोड्यांना गुडघाभर लाटांत उभं करतात. इथे मला रेड रम नावाचा घोडा आठवला. त्याचा ट्रेनर, इंग्लंडचा जिंजर मकेन, टॅक्सी चालवायचा, जुन्या गाड्या विकायचा, गाड्यांच्या शोरूमच्या मागे तबेला, आणि ट्रॅक कुठला तर साउथपोर्टचा समुद्रकिनारा. रेड रमच्या खुराच्या आतल्या हाडाला सूज होती, लंगडायचा, खाऱ्या पाण्यात आणि रेतीवर नेऊन नेऊन पाय सुधारला आणि तो घोडा ग्रँड नॅशनल ही तिकडची मोठी जंप रेस तीनदा जिंकला, १९७३, १९७४ आणि १९७७, मधली दोन वर्षं दुसरा. मी हे इतक्या उत्साहाने सांगितलं आणि काका म्हणाले, "खारं पाणी पायाला चांगलं हे आमच्या आईलापण माहीत होतं. तिच्याकडे घोडा नव्हता एवढंच."

सगळ्यात चांगली राइड कोण करतं सांगू का, शेजारच्या वाडीतली एक मुलगी आहे, कॉलेजला जाते, सकाळी येऊन दोन्ही थरोब्रेड तीच काढते. शिकवतेपण छान, काकांपेक्षा कमी ओरडते. मी तिला सांगितलं की ब्रिटनमध्ये १९६६ पर्यंत बाईला ट्रेनरचं लायसन्सच द्यायचे नाहीत, फ्लॉरेन्स नेगल नावाच्या बाईने जॉकी क्लबला, म्हणजे तिकडची रेसिंग चालवणाऱ्या क्लबला, कोर्टात खेचलं तेव्हा मिळालं, तोवर घोडे तयार करायची ती आणि लायसन्स तिच्या हेड लॅडच्या नावावर, म्हणजे आपल्याकडचा जमादार. काका खोगीर आवळत होते, हात थांबला. "जमादाराच्या नावावर? आणि आम्ही इथे उगाच बिनानावाचे राबलो." मग दिवसभर येईल त्याला हेच सांगत होते. पुढे १९८३ ला जेनी पिटमनने ग्रँड नॅशनल जिंकली, पहिली महिला ट्रेनर, हेही मुलीला सांगितलं, तिने नाव मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

आता न आवडलेलं, ते पण लिहायलाच पाहिजे. टॉयलेट नाही, घरातलं वापरा म्हणतात पण कुणाच्या घरात किती वेळा जायचं. हेल्मेट आहेत चारपाच, दोनाचे पट्टे ढिले, स्वतःचं असेल तर न्या. गाडी लावायला जागा नाही, बोळात लावली तर नारळाचा टेम्पो अडकतो आणि मग शिव्या. ८० किलोच्या वरच्या माणसाला बसवत नाहीत आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात, माझ्याबरोबर आलेल्या मित्राचा चेहरा उतरला होता. काकांची भाषा तबेल्याची आहे, हिंदी-मराठी मिक्स, मुलांसमोर जरा आवरती घ्यावी असं माझं मत. आणि फोटोसाठी आलेल्यांशी तर फारच तुसडेपणा करतात, एका प्री-वेडिंगवाल्या ग्रुपला अक्षरशः हाकललं, मला मजा आली पण त्यांच्या जागी असतो तर एक स्टार दिला असता.

करिअरसाठी कोणी पाठवत असेल मुलाला तर हे कळून पाठवा की इथून महालक्ष्मीला थेट काही जात नाही. काका ओळखीच्या तबेल्यात नाव सांगतील, तेवढंच. शिवाय तिकडचंही आता बदलतंय, रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर पालिकेच्या पार्कसाठी आणि ९१ एकर क्लबकडे असं २०२४ मध्ये ठरलं, तबेल्यांचं काय होणार यावर काका तासभर बोलू शकतात, घाई असेल तर तो विषय काढू नका. भाचा अजून जातोय. ट्रेनर होईल का नाही माहीत नाही, सध्या व्हेटर्नरी म्हणतोय, ताई खूश.

कॉटनची पँट आणि टाच असलेले बूट, चप्पल घालून आलात तर परत पाठवतात. पावसाळ्यात बंद, जून ते सप्टेंबर फिरकू नका. आणि फेब्रुवारीचा पहिला रविवार सोडून जा, त्या दिवशी बहुतेक इंडियन डर्बी असते, काका गेट लावून मोबाइलला चिकटलेले असतात आणि कितीही हाका मारल्या तरी उघडत नाहीत, दुपारभर पोनीसुद्धा मिळणार नाही.