न्यू जर्सीच्या मंत्रिमंडळाची सरकारी ओळख: वाचून, ऐकून, ताडून पाहिल्यावर

गव्हर्नरने नेमलेली माणसं कोण आहेत, आधी काय करत होती, हे न्यू जर्सीत कुणालाही फुकट आणि घरबसल्या पाहता येतं. ही माहिती तीन ठिकाणी मिळते. गव्हर्नरचं कार्यालय आणि ती ती खाती आपल्या प्रमुखांचे परिचय प्रसिद्ध करतात. नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, त्यासाठी सिनेटच्या न्यायिक समितीपुढे होणारी सुनावणी विधिमंडळ थेट दाखवतं आणि नंतरही जपून ठेवतं. आणि राज्याच्या एथिक्स कमिशनकडे या लोकांची उत्पन्न आणि हितसंबंधांची विवरणपत्रं असतात. हे परीक्षण या तिन्हींचं मिळून आहे.

मी एडिसनला राहते आणि एका हॉस्पिटलच्या मेडिकल स्टाफ ऑफिसात काम करते. नवा डॉक्टर रुजू होण्याआधी त्याचे कागद तपासायचे, हे माझं काम. डॉक्टरने अर्जात लिहिलं म्हणून आम्ही काहीही धरून चालत नाही. पदवीची खात्री विद्यापीठाकडून, लायसन्सची मेडिकल बोर्डाकडून, आधीच्या कामाची त्या हॉस्पिटलकडून करून घेतो. मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्यांमध्ये सहा महिन्यांहून मोठी फट दिसली तर विचारायचं, वर्षाहून मोठी असेल तर उत्तर लेखी घ्यायचं. एका भुलतज्ज्ञासाठी आम्ही एवढं करतो. मग ज्याच्या सहीवर राज्यातल्या सगळ्या हॉस्पिटलांचे नियम ठरतात, त्याच्याबद्दल नागरिकाला किती कळतं? जानेवारी २०२६ मध्ये मिकी शेरिल गव्हर्नर झाल्या आणि नव्या नेमणुकांचं वारं सुरू झालं, तेव्हा मी मुद्दाम मागे गेले आणि आधीचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या आठ वर्षांतल्या माणसांचे कागद काढून बसले. कारण त्यांची पार्श्वभूमीही समोर आहे आणि त्यांनी पुढे काय केलं तेही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडे आमदार नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. इथे उलट आहे. मंत्रिमंडळात जायचं तर आमदारकी सोडावी लागते. २०१८ मध्ये एलिझाबेथ मुओयो खजिनदार झाल्या आणि मार्लीन कॅराइड बँकिंग-विमा खात्याच्या कमिशनर (खातेप्रमुख), तेव्हा दोघींनी असेंब्लीतल्या जागा सोडल्या. त्यातही न्यू जर्सीचं आणखी वेगळं. इतर बऱ्याच राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल लोक निवडून देतात, इथे १९४७ च्या राज्यघटनेनुसार तोही गव्हर्नरच नेमतो. राज्यभरच्या मतदानाने निवडून आलेले राज्य सरकारात दोघेच, गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर. बाकीचे सगळे खातेप्रमुख मतदाराच्या दारात कधी आलेलेच नसतात. म्हणून त्यांच्या ओळखीची ही सोय मला फार महत्त्वाची वाटते.

आधी परिचयांबद्दल. भाषा स्वच्छ, वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पदव्या, भूषवलेली पदं, कुठल्या संस्थांच्या मंडळांवर होते, कुठे राहतात, मुलं किती. नेमणुकीच्या दिवशी वर्तमानपत्राला द्यायला हे पुरेसं आहे. माझ्या टेबलावर असा कागद आला तर मी तो परत पाठवीन. पद सांगितलं जातं, त्या पदावर असताना हाताखाली काय होतं आणि ते कसं चाललं हे क्वचितच सांगितलं जातं.

ज्युडिथ पर्सिकिली यांचं उदाहरण घेते, कारण आरोग्य खातं माझ्या जवळचं. २०१९ मध्ये त्या कमिशनर झाल्या, या खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या रजिस्टर्ड नर्स. सुरुवात ट्रेंटनच्या सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलच्या आयसीयूत, पुढे कॅथलिक हॉस्पिटलांच्या एका मोठ्या साखळीचं नेतृत्व, मग न्यूअर्कचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल अडचणीत आल्यावर राज्यातर्फे देखरेख आणि तिथलं हंगामी अध्यक्षपद. आमच्या मजल्यावरच्या नर्सेसना हे ऐकून केवढा आनंद झाला होता! रात्रपाळी म्हणजे काय, एका नर्सकडे किती पेशंट झाले की काम हाताबाहेर जातं, हे कमिशनरला समजावून सांगावं लागणार नव्हतं. २०२० च्या मार्चपासून त्या रोज टीव्हीवर आकडे सांगायला उभ्या राहिल्या तेव्हा ते जाणवायचं. व्हेंटिलेटर आणि खाटा यांतला फरक त्यांना कुणी लिहून दिलेला नव्हता.

आणि तरीही ३१ मार्च २०२० चा तो आदेश याच खात्यातून निघाला: केवळ कोविड आहे म्हणून नर्सिंग होमने पेशंटला दाखल करायला किंवा परत घ्यायला नकार द्यायचा नाही. त्या आठवड्यात हॉस्पिटलांच्या खाटा भरत होत्या हे मी पाहिलं आहे, त्यामुळे आदेशामागची घाई मला कळते. पण उत्तम पार्श्वभूमी असली की प्रत्येक निर्णय उत्तम, असा हिशेब धरता येत नाही. पर्सिकिली यांचं काम हॉस्पिटलांच्या बाजूने झालेलं होतं, नर्सिंग होम ही वेगळी दुनिया. परिचयात ‘आरोग्य क्षेत्रातला दीर्घ अनुभव’ असं लिहिलं की हा भेद पुसला जातो. मी डॉक्टरला ‘शस्त्रक्रियेचा अनुभव’ म्हणून सोडत नाही, कुठली शस्त्रक्रिया ते विचारते.

सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच खात्याने. मेन्लो पार्कचं माजी सैनिकांचं निवासस्थान आमच्या एडिसनमध्येच आहे, मॉलला जाता-येता रस्त्यात लागतं. असंच एक पॅरामसला, एक व्हाइनलँडला. ही तिन्ही राज्य सरकारची. पण ती आरोग्य खात्याकडे नव्हती, लष्करी आणि माजी सैनिक खात्याकडे होती. त्या खात्याचा प्रमुख अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे राज्याच्या नॅशनल गार्डचा सेनापती. अशा माणसाचा परिचय वाचा: हुद्दे, तुकड्या, मोहिमा, पदकं. सगळं खरं, सगळं मानाचं. पण त्याच माणसाच्या हाताखाली शेकडो खाटांची तीन नर्सिंग होम चालतात, ही गोष्ट वाचताना लक्षातही येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या माणसांना संसर्गापासून कसं वाचवायचं, हा प्रश्न त्या परिचयाच्या आसपास फिरकत नाही.

२०२० च्या वसंतात मेन्लो पार्क आणि पॅरामस इथे काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे: कोविडने कितीतरी रहिवासी दगावले. ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाचे अ‍ॅडज्युटंट जनरल जेमल बील पदावरून गेले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने ११९ कुटुंबांशी सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने अहवाल दिला की या दोन ठिकाणी रहिवाशांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला, संसर्ग रोखण्यात आणि वैद्यकीय काळजीत, आणि पहिल्या लाटेनंतरही त्रुटी राहिल्या. मला इथे कुणा सैनिकी अधिकाऱ्याला दोष द्यायचा नाही. माझा मुद्दा नेमणुकीच्या वेळच्या कागदाचा आहे. पदाचं काम आणि माणसाचं आधीचं काम शेजारी शेजारी मांडलं असतं, तर ही फट २०१८ सालीच कुणालाही दिसली असती. आमच्याकडे फट दिसली की दुसरा कुशल माणूस जोडीला देतात, देखरेख वाढवतात. त्यासाठी फट आधी दिसायला हवी.

मॅसॅच्युसेट्समध्ये होलिओकच्या सैनिक निवासात त्याच महिन्यांत कोविडने किमान ७६ माजी सैनिक दगावले. राज्याने करवलेल्या चौकशीच्या जून २०२० च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की तिथल्या अधीक्षकांकडे असं केंद्र चालवण्याची पात्रता नव्हती. तेही माजी मरीन अधिकारी. त्यानंतर तिथे माजी सैनिकांच्या खात्याला मंत्रिमंडळात स्थान मिळालं, आणि २०२३ मध्ये गव्हर्नर मॉरा हीली यांनी त्यावर नेमलं जॉन सँटियागो यांना. बॉस्टनमधल्या इमर्जन्सी रूमचे डॉक्टर, आर्मी रिझर्व्हमध्ये मेजर आणि आमदार राहिलेले. त्यांची पार्श्वभूमी वाचली की नेमणुकीचं कारण विचारावं लागत नाही. परिचय असा बोलका असावा.

वाहतूक खात्याबद्दल थोडक्यात. मर्फींच्या वाहतूक कमिशनर डायन गुटिएरेझ-स्काचेटी यांनी न्यू जर्सी टर्नपाइक आणि फ्लोरिडाचा टर्नपाइक, हे दोन्ही टोलरस्ते चालवलेले. टोलच्या रस्त्यांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारं माणूस सापडणं कठीण. पण वाहतूक कमिशनर हा एनजे ट्रान्झिटच्या, म्हणजे राज्याच्या रेल्वे-बस सेवेच्या, मंडळाचाही अध्यक्ष असतो, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात प्रश्न रस्त्यांचा नव्हता. चालक कमी पडत होते, स्वयंचलित ब्रेकची यंत्रणा वर्षअखेरपर्यंत बसवायची होती आणि गाड्या रद्द होत होत्या. पदासोबत येणारी ही दुसरी खुर्ची परिचयाच्या पहिल्याच ओळीत हवी.

कृषी सचिवांची तऱ्हा तर निराळीच. डग्लस फिशर २००९ ते २०२३ त्या पदावर होते, कॉर्झाइन, ख्रिस्टी, मर्फी अशा तीन गव्हर्नरांच्या काळात. मूळचे किराणा व्यवसायातले, मग आमदार. त्यांची निवड कृषी मंडळ करतं आणि गव्हर्नर तिला मान्यता देतो. म्हणूनच पक्ष बदलला तरी माणूस टिकला. मला ही पद्धत आवडली.

आता सुनावणीकडे. या सेवेतला हा माझ्या मते सर्वांत चांगला भाग, आणि फार थोडे लोक तो वापरतात. ट्रेंटनला समितीपुढे माणूस बसतो, आधी त्याच्या भागातले सिनेटर कौतुक करतात (रेकॉर्डिंगमध्ये तेवढं वगळून पुढे गेलात तरी चालेल), मग प्रश्न सुरू होतात. आवाज स्पष्ट असतो, प्रत्येकाचं उत्तर शब्दशः मिळतं. न येणाऱ्या विषयावर माणूस काय करतो ते इथेच कळतं: ‘मला माहिती घ्यावी लागेल’ म्हणतो की गोल गोल बोलतो. मुलाखतींना बसणाऱ्या कुणालाही याची किंमत कळेल.

पण ही सुनावणी प्रत्येकाची वेळेवर होईलच असं नाही. इथे सिनेटमध्ये एक अलिखित प्रथा आहे, सौजन्याची म्हणतात. उमेदवार ज्या काउंटीत राहतो तिथला सिनेटर कारण न देता नाव अडवून धरू शकतो. मग गव्हर्नर त्या माणसाला सिनेटच्या मंजुरीविना ‘कार्यकारी’ (हंगामी) म्हणून बसवतो आणि काम चालू राहतं. शिक्षण खात्यात अँजेलिका अ‍ॅलन-मॅकमिलन २०२० च्या ऑक्टोबरपासून तीन वर्षांहून अधिक काळ कार्यकारी कमिशनरच राहिल्या. शाळा बंद, शाळा सुरू, मास्क, मुलांचं बुडालेलं शिक्षण, सगळं त्यांच्याच काळात. नेमकं ज्यांना भर सभेत प्रश्न विचारले जावेत असं पालकांना वाटत होतं, त्यांचीच सुनावणी अडकून पडली. यासाठी मी या भागाचा पूर्ण एक तारा कापते.

मॅथ्यू प्लॅटकिन यांच्यामुळे माझं मत थोडं नरमलं. २०२२ मध्ये पस्तिशीत अ‍ॅटर्नी जनरल झाले. त्याआधी मर्फींच्या प्रचारात, मग त्यांचेच मुख्य विधी सल्लागार. हा गव्हर्नरचाच माणूस, असं मीही तेव्हा म्हटलं असतं, कारण कागद तेच सांगत होता. मर्फींनी आधी त्याच पदावर नेमलेल्या गुरबीर ग्रेवाल यांच्यासारखी सरकारी वकिलीची वर्षं त्यांच्यामागे नव्हती. मार्च २०२४ मध्ये मात्र गव्हर्नरच्या पत्नी अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटच्या उमेदवार असताना त्यांनी कोर्टाला कळवलं की पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतली ‘काउंटी लाइन’ची, म्हणजे काउंटीतल्या पक्षसंघटनेच्या पसंतीच्या उमेदवारांची नावं एकाच ओळीत मांडणारी, मतपत्रिका घटनाबाह्य आहे आणि आपण तिचा बचाव करणार नाही. ती लाइन त्याच उमेदवाराच्या फायद्याची होती. यामागे माणसाचा कणा आहेच, पण पदाची रचनाही आहे. घटनेनुसार अ‍ॅटर्नी जनरल गव्हर्नरच्या पूर्ण मुदतीसाठी नेमला जातो, इतर बहुतेक कमिशनरांसारखा मर्जीवर नसतो. ‘याला कोण काढू शकतं’ ही एक ओळ प्रत्येक परिचयात घाला, वाचणाऱ्याला निम्मं राजकारण कळेल.

विवरणपत्रांचं काय? आहेत, सार्वजनिक आहेत, रुक्ष आहेत. आधीच्या कुठल्या कंपनीत पैसा किंवा नातं उरलं आहे का, एवढ्यापुरती उघडा. खाजगी क्षेत्रातून आलेल्या माणसासाठी मात्र चुकवू नका.

तारे द्यायचे तर परिचयांना पाचपैकी दोन, सुनावणीला चार, विवरणपत्रांना तीन. शेरिल यांच्या नव्या माणसांबद्दल वाचणार असाल तर परिचयापासून सुरुवात करू नका. आधी त्या खात्याच्या ताब्यात काय काय आहे त्याची यादी काढा: दवाखाने, तुरुंग, रेल्वे, निवासस्थानं. मग सुनावणी ऐका आणि यादीतल्या किती गोष्टींबद्दल प्रश्न आले ते खुणा करत जा. परिचय सगळ्यात शेवटी. ज्या गोष्टीपुढे ना प्रश्नाची खूण आहे ना अनुभवाची, तिच्याबद्दल आपल्या जिल्ह्याच्या सिनेटरला पत्र लिहा. मी मेन्लो पार्कच्या निवासाबद्दल लिहिलं आहे.